जबानी

रानवा, तू खडकांचं वय मोजतेस,
मी एकतीस वर्षं माणसांच्या जबान्या घेतल्या.
क्लाक्सविकच्या बंदरात, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत,
ओल्या लोकरीच्या वासात
एकेकाला समोर बसवून विचारायचो:
तू नेमका कुठे उभा होतास?
स्वतः ऐकलंस, की कुणी सांगितलं?

एकदा चौघे आले.
चौघेही म्हणाले, 'धुकं पडद्यासारखं उतरलं.'
पडदा. चौघांच्याही तोंडी.
मी पेन्सिल खाली ठेवली.
खलाशी धुक्याला पडदा म्हणत नाहीत,
मालकाचा वकील म्हणतो.

खरी जबानी ओबडधोबड असते.
एकाला दिवा तांबडा दिसतो, दुसऱ्याला दिसतच नाही,
तिसरा वेळ सांगताना तासाभराने चुकतो,
आणि घंटा वाजली, हे मात्र तिघेही शपथेवर सांगतात.
मग घंटा वाजलेली असते.

म्हणून त्या पहाटे कबरीपाशी
बाया किती गेल्या, दूत एक होता की दोन,
हे चौघांचं जुळत नाही म्हणून तू हसलीस,
तेव्हा मी नुसता चहा ढवळत राहिलो.
जुळलं असतं तर घाबरलो असतो.
आणि बाया!
ज्या काळात बाईच्या शब्दाला
कचेरीत दीड दमडीची किंमत नव्हती,
त्या काळात रचून सांगणारा
पहिली साक्ष तिची ठेवेल?
आपणच शेपूट घालून पळालो,
ओळख विचारली तेव्हा कानांवर हात ठेवले,
हे कुणी हौसेने लिहून ठेवतं?

तू म्हणालीस, प्रामाणिक माणसंही चुकतात, मामा.
आई महिनाभर बाबांना बघत होती
नावघरात, जाळं विणताना.
खोटं बोलत नव्हती ती.

नव्हती. बहीण माझी.
मी तिच्या शेजारीच बसलो होतो,
मला फक्त जाळं दिसलं.

मी म्हणालो, पण एकाच वेळी इतक्या जणांना...
तू म्हणालीस, तेही लिहिलेलंच.
लिहिलेलंच. मान्य.
इथे माझी पेन्सिल बोथट होते.

आता अहवालात नाही ते ऐक.
'ब्रिमिल' उलटली त्या हिवाळ्यात
तुम्मास नावाचा सतरा वर्षांचा पोरगा वाचला,
बोटीच्या उलट्या तळाला रात्रभर चिकटून.
म्हणाला, पत्र्याच्या आतून कुणीतरी ठोकत होतं.
तीन ठोके, मग थांबायचं, पुन्हा तीन.
मी विचारलं, पाणी किती गार होतं?
किती तास झोप नव्हती?
समासात लिहिलं: गारठलेल्या मुलाचा भास. अशक्य.
आणि त्याच्या ओळीवर रेघ मारली.

वसंतात बोट वर काढली.
इंजिनखोलीच्या पत्र्याला आतून पोचे होते
हातोडीच्या तोंडाएवढे,
तीन, थोडी जागा, तीन.

मी माफी मागायला गेलो,
तोवर पोरगा आइसलँडला निघून गेला होता.

यावरून काहीच सिद्ध होत नाही, तू म्हणशील.
एक ठोका खरा निघाला
म्हणून प्रत्येक ठोका खरा नसतो.
बरोबर. मीही हेच लिहिलं असतं.
पण त्यानंतर पुरावा बघण्याआधी
'अशक्य' हा शब्द मी कधी वापरला नाही,
आणि त्या रिकाम्या कबरीपाशी पोचलो
तेव्हा हातात एवढंच होतं:
ओबडधोबड जबान्या
आणि मीच खोडलेली एक ओळ.

तू कप विसळलेस. फेरीची वेळ झाली होती.
दारात कोट चढवता चढवता विचारलंस,
त्या मुलाला ऐकू आलं ते आवाज मोठा होता म्हणून,
की त्याने पत्र्याला कान लावला होता म्हणून?

माहीत नाही, रानवा.
एवढ्या वर्षांत एवढे प्रश्न विचारले,
हा राहिला.