बारा नंबरच्या खोलीत नववा भाग

गुरुवारी रात्री सोहारची हवा
ओल्या बनियनसारखी अंगाला चिकटते,
समुद्राकडून येते ती
वाळत घातलेल्या तारल्यांचा वास घेऊन.
बारा नंबरच्या खोलीत आठ खाटा,
एक टीव्ही, रबर बँडने बांधलेला रिमोट
आणि आज नववा भाग.

मिठागरात एका बाईचं प्रेत पडलंय
पहिल्या भागापासून.
इन्स्पेक्टर पैसे खातो, साहेब त्याच्याकडून खातो.
वकील खोटं बोलतो, पण सुंदर बोलतो.
बाईचा नवरा रडतो
आणि रडता रडता घड्याळ बघतो.

सर्फराज हमदुले, खेडचा, वेल्डर,
मांडीवर उशी आपटून म्हणतो,
"ह्यात आपला माणूस कोण? सांगा की!
दहा तास उन्हात भाजून घ्यायचं
आणि रात्री शिटी मारायला एक माणूस नाही?
आमच्या व्हिडिओ सेंटरात तो लाथेने दार उघडायचा
आणि पडद्यावर चिल्लर उडायची."

कुंजप्पन लसूण सोलत असतो.
"हिरो आला की मला झोप येते," म्हणतो.
"तो जिंकणार हे ठरलेलं. मग मी कशाला जागू?"

गुल जमानला खुनीच आवडतो.
निदान कामाला वेळेवर जातो, म्हणे.

जाहिरात लागते, वाद पेटतो, मग सगळे माझ्याकडे बघतात.
मी टाइमकीपर, सगळ्यांचे तास माझ्या वहीत,
म्हणून मला अक्कल असावी असा समज आहे.

हिरो नकोच, मी म्हणतो.
खऱ्या जगात कुठे असतो, वगैरे.
"खरं जग बघायला मी बाहेर जाईन की,"
सर्फराज म्हणतो, "दार उघडंच आहे."

मग चौकीतला एक कारकून. नाव नाही त्याला.
एक कागद येतो. तो वाचतो,
खण ओढतो, कागद आत सरकवतो,
वर स्टेपलर ठेवतो. खण बंद.
चार सेकंद.
कोणी शिवी देत नाही त्याला.
कुंजप्पन पुढची पाकळी घेतो.

मीच तेवढा श्वास सोडतो.

मार्चमध्ये मोतालेब पडला, सतरा मीटरवरून.
रिपोर्ट टाइप होऊनच आला: हुक लावला नव्हता.
खाली साक्षीदारासाठी रेघ.
हुक लावला होता. मी पाहिला होता.
स्प्रिंग गेली होती त्याची, तोंड उघडंच राहायचं
पिल्लाच्या चोचीसारखं.
मोतालेबने स्टोअरला चिठ्ठी दिली होती, दोनदा.
दुसरी माझ्या हातून जायची होती.
ती वहीतच आहे, फेब्रुवारीच्या तासांमध्ये.
पेन साहेबांचं होतं. छान चालत होतं.

हिरो असता ना मालिकेत,
तर आज त्याने तो खण उघडला असता,
कारकुनाच्या तोंडावर दिवा धरला असता
आणि ह्या सातजणांनी शिट्ट्या मारल्या असत्या.
सर्फराजची सगळ्यात मोठी.
मीही मारली असती. मारावीच लागली असती.

मोतालेबच्या खाटेवर आता परतूरचा पोरगा,
अनुरथ, तेवीस वर्षांचा, येऊन नऊ दिवस झाले.
अंधार केल्यावर हळूच विचारतो,
"काका, त्या कागदाचं काय होईल?"
"कुठल्या कागदाचं?" मी म्हणतो.

शनिवारी पहाटे साडेचारची बस.
दारात त्याला थांबवतो,
पट्टा ओढून बघतो, हुक दाबतो.
खटकन मिटतो, माझं बोट आत.

पोरगा हसतो.
"नवा कोरा आहे, काका.
मार्चनंतर सगळेच बदलले म्हणे."
मग हसू थांबवून,
"का हो, काय झालं होतं मार्चमध्ये?"

बस हॉर्न देते.
दुखऱ्या बोटाने मी वही उघडतो,
त्याच्या नावापुढे लिहितो: ४.३०.