पोचा

पुस्तकात एक हौद होता.
दोन नळांनी भरायचा, तिसऱ्याने गळायचा,
आणि किती वेळात भरेल, असं सातवीला विचारायचा.
सातवीत नळ कुणाच्याच घरी नव्हता.
ओकोंगोने हात वर केला :
"गळतोय हे ठाऊक आहे, तर बाई, बुजवत का नाहीत?"
मी म्हटलं, उत्तर लिही.
त्याने लिहिलं : बुजवावा.
मी शून्य दिलं.
ते शून्य रात्रभर माझ्याच उशाशी
गुडघे पोटाशी घेऊन बसून होतं.

मी किसुमूची, शहरातली.
बदली होऊन या बेटावर आले तोवर
ओमेना ताटातच पाहिलेली, वाळूवर नाही.
इथे पहाटे सरोवरातले दिवे विझतात
आणि होड्या बोटभर लांबीची चांदी
किनाऱ्यावर ओतून निघून जातात.
ती जाळ्यांवर वाळते, दुपारी विकली जाते,
तराजूने नाही, गोरोगोरोने.
गोरोगोरो म्हणजे वनस्पती तुपाचा रिकामा डबा, दोन किलोचा.
लिटर पुस्तकात राहतो.
डबा दारात.

म्हणून मंगळवारी सांगितलं,
उद्या घरचं माप घेऊन या.

बुधवारी वर्ग खणखणत आला.
एकवीस डबे, गंजलेले, कानाकोपऱ्यांत खवले चिकटलेले,
फळ्यालाही मासळीचा वास.
दोरीने घेर घेतला, पट्टीने उंची.
पाय नावाचा तो आकडा
वर्षभर वर्गात उपऱ्यासारखा उभा होता,
तो पहिल्यांदा कुणाच्या तरी घरी जेवायला बसला.
मी खूश. आवाज चढवून म्हणाले,
जेवढं उत्तर आलं, तेवढंच पाणी ओता,
डबा काठोकाठ भरायला हवा.

आदोयोचं पाणी आधीच सांडलं.
तिने पुन्हा मोजलं. पुन्हा ओतलं.
पुन्हा सांडलं.
मग तिने डबा उलटा केला.

बूड आत गेलेलं, वाटीसारखं.
पडून नाही.
हातोडीचे छोटे गोल ठसे, एकाला लागून एक,
कुणीतरी जपून, वेळ काढून मारलेले.

बंदरावर तिसऱ्या झाडाखाली कोण बसतं
हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.
मापात पाप, हे दोन शब्द
माझ्या ओठांपर्यंत आले नि मी ते गिळले.
वाटलं, हौदच बरा होता.
हौदाला आई नसते.

आदोयो डब्याकडे बघत म्हणाली,
"बाई, हा पोचा कसा काढायचा?"
घनफळ विचारत होती की हातोडी,
मला आजही सांगता येणार नाही.
मी सोपं तेवढं सांगितलं :
डबा ताटात ठेव, पाणी ओत,
सांडेल तेवढा पोचा.

सांडलं चहाचा एक कप.
तिने वहीत मांडलं : एका डब्यामागे कप,
दिवसाला तीस डबे.
त्याखाली रेघ मारून एक गणित,
जे मी दिलंच नव्हतं :
परीक्षेची फी भागिले पोचा.
भागाकार बरोबर होता.
बाकी उरली होती, तीही बरोबर.

मी बरोबरची खूण केली नाही. फुलीही नाही.
वही परत देताना मी तिच्याकडे बघितलं नाही,
एवढंच माझ्याकडून झालं.

शनिवारी तिसऱ्या झाडाखाली
तिच्या आईने मला डबाभर ओमेना दिली
आणि वर एक मूठ.
मग थांबून आणखी एक.
"पोरगी सांगते, तुम्ही शिकवलेलं पोचतं," म्हणाली.
पैसे मोजताना मान वर केली नाही
तिने, किंवा मी.

सोमवारी पुढचं प्रकरण : कर्ज आणि व्याज.
पुस्तकात 'अ' नावाचे एक गृहस्थ
'ब' नावाच्या गृहस्थांकडून रक्कम घेत होते,
हसतमुखाने, तीन वर्षांसाठी.
मी पान धरून तशीच उभी राहिले.
बाहेर कुणाची तरी होडी ओढत होते, दमाने, एका सुरात.

ओकोंगोने हात वर केला.