दोनशे ग्रॅम

एकतीस वर्षं मी सांगलीच्या यार्डात हळद तोलतो.
पोतं काट्यावर पडायच्या आत
हमालाच्या मानेची शीर बघून
मला वजन कळतं.
काटा कधी मारला नाही. शपथ कशाला, वह्या बघा.

म्हणून त्या दिवशी त्यांनी मलाच बोलावलं.
सौद्याच्या शेडमध्ये रिंग बांधलेली,
दोर मांडववाल्याचे, खाली गाद्या, गाद्यांवर ताडपत्री,
आणि कितीही झाडली तरी उरणारी
हळदीची भुकटी.
पुण्याचे पंच शिंकून बेजार.

जयकर शिर्के आधी आला.
सात वर्षं राज्यात त्याला कुणी खाली बसवलं नव्हतं.
एकशे सहा भरला.
आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही,
फोनवर जेवणाचं सांगत होता :
नऊपर्यंत येतो, रस्सा पांढरा ठेवा.

मग मायाप्पा.
जतकडचा, हाक्क्यांचा, तीन नंबर गाळ्याचा हमाल.
रोज सौदे उठले की पोत्यात भुसा भरून
तुळईला टांगायचा
आणि दिसेनासं होईपर्यंत त्याच्याशी भांडायचा.
आम्ही हसायचो. मीही.

लढत एकच, हेवीवेटची. एक्क्याण्णव तरी पाहिजेत.
सकाळपासून दीड डझन केळी, सात तांबे पाणी,
तरी काटा म्हणाला नव्वद आठशे.
आठवा तांब्या ओतला त्यानं, नळामागं जाऊन ओकला,
परत उभा राहिला.
परत नव्वद आठशे. डोळे लाल.
तीन दिवसांची हजेरी बुडवली होती पोरानं.

माझ्या चपलेचा अंगठा
काट्याच्या पत्र्याला टेकला.
एक्क्याण्णव, मी ओरडलो,
जरा जास्तच मोठ्यानं.

पहिल्या फेरीत ते दोनशे ग्रॅम
त्याला ठिकठिकाणी लागले.
बरगडीत, कानाखाली, मग परत बरगडीत.
प्रत्येक ठोशाला मी खुर्चीत पाय आखडून घेत होतो.
दुसऱ्या फेरीत पडला. आठ म्हणेपर्यंत उठला.
बशीरभाईनं टोपी तोंडावर ओढली :
बंद करा म्हणावं, पोराला आई आहे.

तिसरीत शिर्के दमला.
दमलेला मोठा माणूस करतो तेच त्यानं केलं,
सगळं अंग मायाप्पाच्या मानेवर टाकलं,
घे, तोल आता.

अहो, पण मानेवर!

दिवसाला दोनशे पोती जाते त्या मानेवरनं.
मला तिथूनच दिसलं,
गुडघे जरासे वाकले, पाठ खाली गेली,
श्वास जागेवर आला.
तेवढ्या अर्ध्या तासात पहिल्यांदाच
पोरगं आपल्या कामावर आलं होतं.
एक झुलता झोका घेतला,
आणि थप्पीपाशी पोतं सोडताना हमाल बाजूला होतो
तसा तो बाजूला झाला.
एकशे सहा किलो पुढं, हवेत,
आणि खालून डावा हात.

शिर्के पडला नाही. बसला.
मांडी घालून, पंगतीला बसावं तसा,
आणि समोर बघत राहिला, पान कधी येतंय म्हणून.
पंच दहा म्हणाले. शेडमधला पंखा ऐकू आला.

मग कुणीतरी पोत्याची शिवण उसवली.
बिरोबाच्या नावानं चांगभलं!
पिवळं, सगळं पिवळं,
पंचांचे शर्ट, दोर, शिर्केच्या पापण्या,
आणि अडत्या मधोमध नाचत, की बोंबलत :
अरे, विकलेला माल आहे तो, विकलेला!

मी रात्रभर जागा. बायकोला म्हटलं, पित्त.

सोमवारी सातला तो आला.
एक डोळा जांभळा, मिटलेला.
बक्षिसाचं कुणी विचारलं तर म्हणे, चेक आहे, वटल्यावर बघू.
पहिलं पोतं काट्यावर टाकलं, कंबर सरळ केली,
आणि माझ्याकडे न बघता, हळू म्हणाला,
पाय काढा, तोलार.

मी खाली बघितलं.
पाय काट्यापासून हातभर लांब होता.
तरी मागं घेतला.
वही ओढली.
चोपन्न तीनशे.