ही मी नव्हे

योंगदोच्या गोदीत दुपारी अडीचला
ऊन तिरपं होऊन जहाजाच्या कुशीवर पडतं,
तेवढाच अर्धा तास माझ्या कामाचा.
बाकी दिवसभर नुसता हिंडतो,
कुणी हाकललं तर हसायचं.

त्या बायका टांगलेल्या फळीवर बसायच्या,
खाली तेलकट काळं पाणी,
आणि हातोडीनं गंज पाडायच्या.
कांग-कांग. कांग-कांग.
वस्तीचं नावच त्या आवाजावरून पडलं.
इथली पोरं आधी तो शिकत, मग ‘आई’ म्हणायला.
मीही तसाच शिकलो असेन.

एकोणीस वर्षं त्याच भिंतीला टेकून तोच फोटो काढला.
पहिल्यात बावीस बायका.
मग चौदा.
मग तीन, आणि एक व्हिएतनामी मुलगा, कानात बोळे घातलेला.
गेल्या साली टेकायला भिंतच नव्हती.
निळा पत्रा होता,
पत्र्यावर छापलेला समुद्र,
खऱ्या समुद्राच्या बरोब्बर पुढ्यात.
तोही काढला. कॅमेऱ्याला कसली लाज.

पिल्नामला फोटो द्यायला गेलो.
‘पुढचा तरी मुलगा होवो’ म्हणून बापानं ठेवलेलं नाव;
तिच्या पाठीवर चार बहिणी झाल्या.
तिनं चश्मा लावला, काढला,
फोटो खिडकीशी नेला.
“ही मी नव्हे. ही दलसुन.
माझा रुमाल बिनफुलांचा होता.”

पाठीमागे पेन्सिलीनं मी तिचंच नाव लिहिलेलं.
प्रदर्शनात तेच. पुस्तकात तेच.
मी ओरडून माफी मागितली.
ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली.
जहाजांचा गंज गेला, तसे हिचे कानही
थोडे थोडे खरवडून गेलेले.

मग कागदावर लिहिलं: फोटोत आवाज येत नाही, तेवढं राहिलं.
तिनं ते सावकाश वाचलं
आणि बहिरी माणसं बोलतात तशी, गरजेपेक्षा मोठ्यानं, म्हणाली,
“मला शेवटची दहा वर्षं असंच होतं की.
हातोडी पडायची, आणि काही नाही.
इथं कळायचं फक्त.”
माझ्या मनगटावर दोन बोटं आपटली. दोनदा.

दलसुन आता धक्क्यावरच्या कॅफेत आहे, भिंतभर.
गंजाचा रंग मालकाला इतका आवडला
की खुर्च्यांनाही तोच काढून घेतला.
म्हटलं, नाव चुकलंय, बदला.
तो म्हणाला, नाव कुठे लावलंय आम्ही?

घरी येऊन पाठीमागचं नाव खोडलं,
खरं लिहिलं.
पण मी पेन्सिल दाबून लिहिणारा माणूस.
अडीचच्या उन्हात कागद तिरका धरला
तर दोघी दिसतात,
एकीच्या अंगावर एक,
आणि कुठली रेघ कुणाची
ते मलाही नीट लागत नाही.