उजवीकडचं मागचं चाक

रात्रीचे पावणेदोन. मॉल झोपलाय.
बर्फाच्या हॉलमध्ये उणे दोन,
आणि एका दारापलीकडे, माल उतरवायच्या धक्क्यावर,
दोहाचा ऑगस्ट अजून पस्तीस अंशांवर घुटमळतोय.
स्नोमोबाइल मी कुशीवर कलंडवलीय,
अडलेल्या म्हशीसारखी, पोट माझ्याकडे.

शाजीचं म्हणणं सरळ आहे:
चाकं मागव, पट्टा मागव, फिनलंडहून सहा आठवडे.
वर्षात दुसऱ्यांदा.
पण गडहिंग्लजच्या कारखान्यात, उसाच्या चरकामागे,
नाईकवडी मिस्त्रींनी पहिला महिनाभर
माझ्या हातात पाना दिलाच नव्हता.
झिजलेला बुश तळहातावर ठेवायचे.
आधी ह्येचं ऐकून घे. नवा काय, दुकानात मिळतोय.

म्हणून ऐकतोय.
डावीकडची चारही चाकं गोल.
उजवीकडची पुढची तीन, ठीक.
मागच्यावर अंगठा फिरवला
तर एका जागी अंगठा सपाट होतो,
बोटभर लांबी, कानशीनं घासल्यासारखी.
पट्ट्याच्या आतले दात त्याच बाजूला कुरतडलेले,
उंदरानं पोत्याचा कोपरा कुरतडावा तसे.

ताण मोजला. बरोबर.
दोन्ही बोल्टांचे आटे मोजले: अकरा, अकरा.
एक्सल सुतात.
बेअरिंग काढून कानाशी फिरवलं, तक्रार नाही.
ग्रीस पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहिलं.
वाळू असणार अशी पैज होती माझी माझ्याशीच,
इथे डाळीतही असते.
नव्हती.

फिरताना झिजतं ते सगळीकडून झिजतं.
एकाच जागी झिजलंय म्हणजे
हे न फिरता ओढलं गेलंय.

रोनेल सकाळी गाडी इथूनच काढतो,
मागच्या दाराजवळच्या खडूच्या खुणेवरून.
आधी अडते म्हणतो, मग झटका, मग धावते.
खुणेवर बसून पाहिलं:
जमिनीतून बर्फाचा मोड आलेला, शेंगेएवढा.
वर पाहिलं. गारव्याचा पाइप,
सांध्यावर थेंब,
चाक उभं राहतं त्याच्या बरोबर वर.

या हवेत पाणी कुठलं?
पाणी बाहेरचं. ऑगस्टात समुद्राची हवा
ओल्या पंचासारखी अंगाला बसते.
तिला फट मिळाली की आत येते,
पाइपाला बिलगते, थेंब होते,
चाकावर पडून गोठते,
चाक पट्ट्याला शिवून टाकते.
सकाळी रोनेल थ्रॉटल दाबतो,
पट्टा अडलेल्या चाकावरून घासत जातो, चार हात, सहा हात.
आणि एकदा सपाटी पडली
की चाक रोज तिच्यावरच येऊन थांबतं.

फट.
दाराचं रबर नवं आहे. दार आपोआप मिटतं.
फक्त कोपऱ्यात लाकडाची एक पाचर आहे,
पॅलेटच्या फळीची, पटाशीनं नीट तासलेली.
मीच तासली. जूनमध्ये.
अडीचच्या सुमाराला बोटं वळेनाशी होतात
तेव्हा दार चार बोटं उघडं ठेवतो,
फटीत हात धरतो, शेकोटीपुढे धरावेत तसे.
दहा मिनिटं. चहा असला तर वीस.
पलीकडे पहाऱ्यावरचा टेकनारायण
घामानं निथळत फटीला गाल लावून उभा असतो.
आम्ही फारसं बोलत नाही.
एकदा त्यानं मुलीचा दात पडल्याचं सांगितलं होतं.

फॉर्मवर कारणाचा रकाना दोन ओळींचा.
लिहिलं: पाइपाच्या सांध्याला वेष्टन नाही, थेंब गळतात.
गाडी दोन मीटर पुढे उभी करावी.
यात खोटं काही नाही.
चाक बदललं, जुनी खूण बुटानं पुसली,
नवी आखली. खडू थंडीनं दोनदा मोडला.

पाचर खिशात आहे.
नाईकवडी मिस्त्रींनी ती तळहातावर घेऊन
काय ऐकलं असतं, कुणास ठाऊक.

अडीच वाजले.
दाराच्या त्या बाजूनं
नखाचा आवाज, हलका, दोनदा.