मॉकची तारीख

सडक अर्जुनीच्या कॉम्प्युटर सेंटरात
लांजेवार सर प्रत्येकाला एकच मॉक देतात फुकट.
एकच. तीन तासांचा.
त्यांच्या वहीत माझं नाव आहे,
हेमकला उईके, पळसटोला,
आणि नावापुढची तारखेची जागा
सव्वा महिना कोरी.

फेब्रुवारीत म्हटलं, ऑरगॅनिक तर होऊ दे.
ऑरगॅनिक झालं तेव्हा रोटेशनल विसरले होते.
बोर्डाचे पेपर संपले, म्हटलं दोन दिवस झोपते,
तेवढ्यात मोह गळायला लागला.

पहाटे चारला टोपली घेऊन जंगलात.
आई वेचते दोन्ही हातांनी, मी एकाच;
दुसऱ्यात सूत्रांचा कागद, दातांत बॅटरी.
नऊला घरी. अकराला लाईट जाते,
येते ती तीनला,
आणि तीनला घरात सगळेच असतात.
सलग तीन तास आमच्याकडे
फक्त खुडूक कोंबडी बसते.

भूमेश म्हणतो, लवकर दे,
काय येत नाही ते तरी कळेल.
त्याने दिला. अठ्ठावन्न आले.
तेव्हापासून तो जरा जास्तच हसतो.
संघमित्रा म्हणते, शेवटच्या आठवड्यात दे,
अर्धवट अभ्यासावर कशाला वाया घालवतेस.
मी दोघांनाही हो म्हणते.

खरं कुणाला सांगितलं नाही:
न दिलेल्या पेपरातले माझे मार्क
अजून कुणी कापलेले नाहीत.
रात्री मी हवे तेवढे घेते,
एकशे दहा, एकशे चाळीस,
एकदा तर नागपूरचं हॉस्टेलही घेतलं,
वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीशी खाट.

परवा आईने विचारलं,
कवा हाय तुया तो खोटा पेपर?
म्हटलं, ठरवतेय.
ती अंगणात फुलं पसरत होती. वर न बघताच म्हणाली,
सोमवारी जाजो.
सोमवारी मामी येऊन रायली मोह वेचाले,
अन् बाजार मंगळवारी,
गाडीत बसाले जागा भेटते.

झालं.
सव्वा महिन्याचं गणित
बाजाराच्या वाराने सुटलं.

आज सोमवार.
अकरा मिनिटं शिल्लक, नऊ प्रश्न उरलेत.
माउसला माझ्या बोटांचा मोहाचा वास,
शेजारच्या खुर्चीतला पोरगा सारखं नाक ओढतो.
रोटेशनलचा एक सुटला. चक्क सुटला.
त्या खुशीत कुठलं तरी बटण दाबलं जातं
आणि पडदा विचारतो,
नक्की सबमिट करायचं?
खाली दोन चौकटी, हो आणि नाही.

नाही, बाबा.
अजून दहा मिनिटं आहेत.