रिड्यूस्ड

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला पावावर.
ऑल्डरशॉटच्या दुकानात, संध्याकाळी सात वाजून गेल्यावर,
पिवळी चिठ्ठी, तिच्यावर काळ्या अक्षरांत: रिड्यूस्ड.
सव्वा पौंडाचा पाव तीस पेनीला.
मला वाटलं, शिळ्याला इंग्रजीत असं म्हणतात.
शेजारच्या ग्वेंडोलिनला सांगितलंसुद्धा,
काल माझा भात रिड्यूस्ड झाला.
ती हसली नाही. आत गेली,
आणि वाटाण्याचं सूप घेऊन आली, झाकण लावून.

मग खेमराजचा खांदा निखळला,
गोदामाच्या शिडीवरून, रात्रपाळीत.
इस्पितळातला मिसरूड फुटलेला डॉक्टर म्हणाला,
आपण हा रिड्यूस करू.
मी हात घट्ट धरला. नवऱ्याचा नव्हे, डॉक्टरचा.
कापायचं नाही, म्हटलं.
आधीच खूप कमी झालंय, आता काही कमी करायचं नाही.
तो गोंधळला. मग म्हणाला, कमी नाही हो,
परत. जिथलं तिथे.
ओढला, वळवला,
आणि हाड आत गेलं, अडसर खोबणीत बसावा तसं.
खेमराज ओरडला नाही. फक्त विचारलं, पाळी चुकली का.

घरी येऊन लेकीचा जाडा शब्दकोश काढला.
लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ: मागे नेणे, परत आणणे.
म्हणजे हा कधी काळी
वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा शब्द होता.
माणसाला पायरी उतरवायला कुणी जुंपला त्याला,
ते मला काही सापडलं नाही.
डोळेही दुखत होते.

मी थॅकरेच्या शिंपीकामाच्या दुकानात बसते, दुसऱ्या मशीनवर.
फीत वाढवायला येतात ते शनिवारी येतात,
बायको बरोबर, पोर खांद्यावर, आणि वेळ भरपूर.
फीत उतरवायला येतात ते मंगळवार-बुधवारी,
कुलूप लावायच्या बेताला.
दर दोन्हींचा सारखाच. साडेचार पौंड.

हॅल्सी असाच आला. कोट काउंटरवर, वर घडीची चिठ्ठी:
रिड्यूस्ड टू कॉर्पोरल.
तीन काढा, म्हणाला, दोन लावा.
का ते आम्ही विचारत नाही.
मी पात्याच्या टोकाने टाके उसवले,
एकेक, कापड न दुखवता.
फीत निघाली. खाली तिन्ही रेघा तशाच,
गडद, नव्याकोऱ्या.
दोन फितींनी दोन झाकल्या. तिसरी उरली.
वाफ दिली. ब्रश फिरवला. व्हिनेगरचं पाणी लावून पाहिलं.
आणि मग लक्षात आलं, हा डाग नव्हेच.
विटलाय तो बाकीचा कोट.

दिसेल का, त्याने विचारलं.
लांबून नाही, म्हटलं.
तो बाहीवर अंगठा फिरवत राहिला,
दिवाळखोराने जुनं पासबुक चाळावं तसा.
मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहून: तुमचे?
हो. सार्जंट होते. गुरखा रायफल्स.
आता?
आता रात्री गोदामावर. पिवळं चमकतं जाकीट, टॉर्च.
त्यांना कुणी खाली आणलं?

मी सुईत दोरा ओवत होते. दोनदा चुकला.
कुणीच नाही, म्हटलं.
चिठ्ठी नव्हती.

त्याने पाच पौंड ठेवले. सुटे घेतले नाहीत,
आणि मी ते परत करायला दारापर्यंत गेले,
कारण साडेचार म्हणजे साडेचार.
तो तोवर चौक ओलांडून गेला होता,
कोट अंगात नाही, हातावर,
आतली बाजू बाहेर.

सातनंतर मी पाव घेतला.
खेमराज जाकीट चढवत होता, उजवा हात आधी,
तो अजून खांद्याच्या वर जात नाही.
मी बाही धरली. त्याने धरू दिली.
जेवायला बसण्याआधी त्याने पाव हातात घेतला,
नखाने पिवळी चिठ्ठी सोलली,
सावकाश, कोपऱ्यापासून, एकसंध,
आणि मगच पिशवी उघडली.